तात्यांचे सात खटके

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली, तेव्हा बाईंचे अर्धे केस वाळले होते आणि अर्धे ओले होते. हातातला ड्रायर कण्हत गप्प झाला, डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला, आणि न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज आला, "कोणी घालवली रे लाइट? डोक्याला साबण लावलाय मी! इथे काळोखात काही दिसत नाही!"

बाई म्हणजे या घरच्या सूनबाई. चौदा वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, म्हणून शाळेत बाई, गल्लीत बाई आणि होता होता घरातही बाईच. आज अकरा वाजता त्यांची मुलाखत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची जागा, आणि परीक्षक तीन गावांतले तिघे, म्हणून मुलाखत लॅपटॉपवरून. ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या खेपेला अनुभव कमी पडला. दुसऱ्या खेपेला सगळं जमलं होतं, पण कुणीतरी शेऱ्यात लिहिलं, 'स्वभाव मवाळ. शिक्षक जुमानतील असे वाटत नाही.' पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर निवृत्तीपर्यंत अपूर्णांक.

नवऱ्याने मुद्दाम रजा घेतली होती. "तू फक्त बोलायचं," तो आदल्या दिवशी म्हणाला होता. "बाकीचं सगळं माझ्याकडे." हे ऐकून बाईंनी धसका घेतला होता, आणि तो उगाच घेतलेला नव्हता. त्यांचा नवरा विम्याच्या कचेरीत पत्रं आवक-जावक करायचा, पण लग्नाच्या पहिल्या वर्षी बंद पडलेला रेडिओ त्याने एक चापट मारून सुरू केला आणि तेव्हापासून तो स्वतःला जे समजतो, तेच नाव घरात पडलं. इंजिनियर. तो रेडिओ चार दिवसांनी पुन्हा बंद पडला होता, हे कुणी बोलत नाही.

आज साडेसातलाच इंजिनियरने बाईंच्या इस्त्रीच्या निळ्या शर्टावर चहा सांडला. मग तो शर्ट वॉशिंग मशीनमध्ये टाकला. "अर्ध्या तासात धुऊन मिळेल," म्हणाला. आणि मशीन अर्ध्यावर असताना लाइट गेली.

"सगळ्यांचीच गेलीय," इंजिनियर पॅसेजमधून ओरडला.

वरच्या मजल्यावर गेले आठ दिवस दुरुस्तीचं काम चाललं होतं. तिथे ड्रिल जोरात सुरू होतं.

"ते काय तोंडाने आवाज काढतायत?" बाई म्हणाल्या. "आपलीच गेलीय. डबा बघा."

विजेचा डबा पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर होता. झाकण उघडलं की आत एक मोठा मेन खटका आणि त्याच्या शेजारी सात छोटे. मेन पडला होता. इंजिनियरने तो वर केला. ठक्. पडला. पुन्हा वर केला. ठक्. तिसऱ्यांदा त्याने तो वर दाबून धरला आणि बोट काढल्याबरोबर खटका असा काही पडला, की त्याने बोट तोंडात घातलं.

"शॉर्ट आहे," तो म्हणाला. कशातही काही कळलं नाही की तो हेच म्हणायचा. पाणी आलं नाही तेव्हाही म्हणाला होता.

बाईंनी वायरमनला फोन लावला. "साडेबारापर्यंत येतो बाई," वायरमन म्हणाला, "तोवर साहेबांना हात लावू देऊ नका." मागे एकदा तो या घरी येऊन गेला होता.

साडेबाराला येऊन तो काय वायरी मोजणार? बाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्यांनी ती गिळली. चौदा वर्षं गिळायची सवय होती. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली होती, पिन काढली की तो मान टाकायचा. शेजाऱ्यांकडे जावं, तर इंजिनियरने गेल्याच महिन्यात गाडी लावण्यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडून ठेवलं होतं. राहिला बाईंचा फोन. त्यात चव्वेचाळीस टक्के होते.

"फोन दे जरा," इंजिनियर म्हणाला. "एक व्हिडिओ बघतो. डबा समजून घेतला की दोन मिनिटांचं काम आहे."

"तुमचा कुठाय?"

"माझा चार्जिंगला लावला होता ना! चार्जरच बंद पडला, त्याला मी काय करू?"

बाईंनी फोन दिला. आयुष्यात माणूस ज्या चुका करतो त्यात ही वरच्या पाचात बसेल.

तेवढ्यात तात्या काठी टेकत आले. तात्या म्हणजे सासरे, भूमापन कचेरीतले निवृत्त कारकून. बावीस वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा डब्यातल्या सात खटक्यांखाली त्यांनी स्वतः पट्ट्या चिकटवल्या होत्या, वळणदार अक्षरात, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून. आजही एक कोपरा उचकटलेला नव्हता. पट्ट्यांवर लिहिलं होतं: मी, ही, थोरला, धाकटा, ताई, पाहुणे, बाकीचे.

घरातल्या कुणालाही कधी यात वावगं वाटलं नाही. ज्याची खोली त्याचा खटका. फक्त बावीस वर्षांत ताई लग्न होऊन परदेशी गेली, धाकटा नोकरीच्या गावी गेला, तात्यांचे गुडघे गेल्यावर ते न्हाणीघराजवळच्या धाकट्याच्या खोलीत आले, थोरला बायकोसह तात्यांच्या खोलीत गेला, आणि पाहुण्यांच्या खोलीत वॉशिंग मशीन ठेवलं. पट्ट्या मात्र जिथल्या तिथे.

"मला विचारा की," तात्या म्हणाले. "मी आहे ना. काय बंद करायचंय?"

"मशीनची लाइन," इंजिनियर म्हणाला. "म्हणजे पाहुणे. नाही, बाकीचे. तात्या, मशीन कुठे लिहिलंय?"

"मशीन तेव्हा नव्हतं."

"मग आमची खोली? थोरला?"

"थोरला म्हणजे तू लग्नाआधी होतास ती खोली. तिथे आता तुझी पुस्तकं आहेत. तू आता मी आहेस."

"आणि तुम्ही?"

"मी धाकटा."

इंजिनियरने 'धाकटा' खाली केला. मेन वर केला. ठक्. आता बाईंच्या लक्षात आलं, की याने एक खटका खाली केला आणि बाकी सहा तसेच ठेवले, म्हणजे याने काहीच केलं नाही. पण व्हिडिओतला माणूस तावातावाने बोलत होता आणि इंजिनियर मान डोलवत होता.

"खोल्यांची नावं लिहायची असतात तात्या!" तो चिडला. "जगात सगळे स्वयंपाकघर, हॉल असं लिहितात."

"जगात चुकतं!" तात्यांनी काठी आपटली. "खोलीत दिवा कोण लावतो? माणूस! मी बरोबर लिहिलंय. पट्ट्या चुकलेल्या नाहीत, तुम्ही सगळे जागा सोडून हिंडलात."

न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. सासूबाई टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून, भिंत चाचपत आल्या. गिझरचं पाणी संपून गार पाणी सुरू झालं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "काय लिहिलंय म्हणालात तिथे?"

"काही नाही," तात्या म्हणाले.

"आई, 'ही'वर ओट्याशिवाय आणखी काय चालतं गं?" इंजिनियरने विचारलं. याला कुठे काय विचारावं हे कधी कळलंच नाही.

"'ही' म्हणजे कोण?"

"म्हणजे तू. तात्यांनी तुझं नाव कसं लिहायचं म्हणून 'ही' लिहिलंय. स्वयंपाकघराचा खटका."

सासूबाईंनी एक डोळा उघडला. साबण झोंबला असेल, तरी तो डोळा मिटला नाही. "बावीस वर्षं," त्या हळूहळू म्हणाल्या, "बावीस वर्षं मी त्या डब्यात स्वयंपाकघर म्हणून लटकतेय? आणि तुम्हाला स्वतंत्र खोली? 'मी'? मी त्या खोलीत झोपत नव्हते? मी काय ओट्याखाली झोपत होते?"

"अगं, पट्टीवर जागा किती असते!"

"'पाहुणे' लिहायला जागा होती!"

बाई हे ऐकत होत्या. दहा वाजून गेले होते. केस अर्धे वाळून अर्ध्या डोक्यावर फुगले होते. आणि अशा वेळी मनात येऊ नये तेच मनात आलं. त्यांनी वाकून पट्ट्या पुन्हा वाचल्या. "तात्या," त्यांनी विचारलं, "मी कुठे आहे?"

"तू नंतर आलीस, सूनबाई."

"वीस वर्षं झाली."

"तुझं 'बाकीचे'मध्ये येतं की."

बाईंच्या कानशिलातली शीर उडायला लागली. त्या खोलीत गेल्या, घरातल्या फुलाफुलांच्या गाऊनवरच काळं जाकीट चढवलं, कारण शर्ट मशीनमध्ये होता आणि मशीनचं दार लाइट असल्याशिवाय उघडत नव्हतं. काचेच्या पलीकडे निळी बाही चिकटलेली दिसत होती. त्यांनी दार ओढून पाहिलं, हिसडलं, शेवटी एक लाथ मारली. मशीन हललं नाही, पायाचा अंगठा मात्र सुजला.

परत आल्या तो इंजिनियर स्टुलावर चढलेला. एका हातात स्क्रू ड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात बाईंचा फोन, टॉर्च लावलेला. व्हिडिओ एकीकडे चालूच.

"फोन आणा इकडे."

"थांब गं, झाकणाचा स्क्रू..."

"आणा!"

फोनमध्ये सहा टक्के उरले होते. दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. बाईंना वाटलं, निदान त्या लोकांना कळवावं. घरी अडचण आहे, दहा मिनिटं उशीर होईल. त्यांनी मुलाखतीच्या दुव्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं, 'थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल.' थांबायला वेळ कुणाला होता! स्टुलावरून "आई गं!" अशी आरोळी आली आणि फोन तसाच जाकिटाच्या खिशात कोंबून बाई धावल्या.

स्क्रू निसटून चपलांच्या कपाटामागे गेला होता, त्यामागे स्क्रू ड्रायव्हर आणि त्यामागे इंजिनियरचा हात, जो आता फटीत अडकला होता. तात्या त्याला बाहेरून काठीने ढोसत होते. सासूबाई म्हणत होत्या, "ओढू नका त्याला, आधी मला सांगा, 'ही' लिहिताना तुमच्या मनात काय होतं?" इंजिनियर म्हणत होता, "शॉर्ट आहे, हात आखडलाय." वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं होतं. तिघंही एकाच वेळी, एकाच पट्टीत बोलत होते.

आणि बाई फुटल्या.

"गप्प! एकदम गप्प! एकाने तोंड उघडलं तर बघा!"

गप्प झाले. वरचं ड्रिलसुद्धा थांबलं. ते योगायोगाने थांबलं असणार, पण सासूबाई आजही तसं मानत नाहीत.

"तुम्ही, उठा तिथून. हात निघतोय, नाटकं करू नका. स्टूल सोडा. तात्या, खुर्चीत बसा. काठी खाली. सासूबाई, तुमचं बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे, पण तो तास जेवणानंतर. आता माझा तास आहे."

"अगं, पण तुला डब्यातलं काय..." इंजिनियर म्हणाला.

"चाळीस पोरांच्या वर्गात मागून कुणीतरी शिट्टी मारतं. तुम्ही काय करता? सगळ्या वर्गाला मारता? सकाळपासून तेच चाललंय तुमचं. सगळे उभे आणि तुम्ही मेनच्या कानफटात देताय. त्या मेनचा काय दोष? तो बिचारा हेडमास्तर आहे. आत कुणीतरी गोंधळ घालतंय म्हणून तो तास बंद करतोय. तो पडतो म्हणून आपण जिवंत आहोत!"

बाई स्टुलावर चढल्या. पाठ ताठ, जाकिटाची बटणं लावलेली, खाली फुलाफुलांचा गाऊन आणि सुजलेला अंगठा.

"सगळ्यांनी खाली बसायचं." त्यांनी सातही खटके एकेक करून खाली पाडले. "सगळ्यांनी. मी, ही, थोरला, धाकटा, ताई, पाहुणे, बाकीचे, लाडकेपणा कुणाचाही चालणार नाही. आता हेडमास्तर उभे राहतील." मेन वर गेला. राहिला.

"राहिला!" तात्या खुर्चीत उसळले.

"बसा. आता एकेकाने उठायचं. ज्याच्या उठण्याने गोंधळ होईल, तो चोर. मी?" खटका वर. मेन जागेवर. "शहाणा. ही?" स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरला. सासूबाईंनी तात्यांकडे असं पाहिलं, की तात्यांनी काठी मांडीवर घेतली. "थोरला? ठीक. धाकटा? ठीक."

"मी सांगत होतोच," इंजिनियर म्हणाला, "की एकेक करून..."

"तुम्ही वर्गाबाहेर उभे राहा."

तो खरोखर दोन पावलं मागे सरला. वीस वर्षांच्या संसारात एवढं ऐकायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि तीही न कुरकुरता. बाईंच्या खिशात काहीतरी टुंटुंटुं करून विझलं. त्यांचं लक्ष नव्हतं. दहा एकावन्न.

"ताई?"

ठक्. सगळं घर पुन्हा काळोखात.

"सापडली," बाई म्हणाल्या.

"मला वाटलंच!" इंजिनियर ओरडला. "लहानपणापासून हिचं असंच! स्वतः तिकडे परदेशात, आणि त्रास आम्हाला!"

'ताई' खाली ठेवून बाईंनी मेन उभा केला, मग 'पाहुणे', मग 'बाकीचे'. घर चालू झालं. गिझर, पंखे, इंटरनेटची पेटी, सगळं. मशीनचं दार टक् करून सुटलं आणि गढूळ पाण्यातून निळा शर्ट बाहेर आला, पिळला तर बादलीभर पाणी निघेल असा. तो आता घालणं शक्य नव्हतं. पण ताईच्या जुन्या खोलीचं काय? ती तर आता अभ्यासाची खोली. तिथेच बाई मुलाखतीला बसणार होत्या. सकाळपासून इंजिनियर त्यांना तिकडे फिरकू देत नव्हता. "मी सगळं मांडून ठेवलंय, अकराला थेट बस," एवढंच सांगत होता.

बाईंनी दार उघडलं.

टेबल, खुर्ची, पाण्याचा पेला. आणि खुर्चीमागच्या भिंतीवर, भलामोठा, जाड चौकटीतला, अख्ख्या जगाचा नकाशा. बोटाएवढ्या लांब खिळ्याला टांगलेला. खिळा स्विचबोर्डच्या बरोबर वर ठोकलेला.

"मागे नकाशा असला की माणूस अभ्यासू दिसतो," इंजिनियर म्हणाला. त्याचा आवाज वाक्य संपेपर्यंत उतरत गेला. "सरप्राइज होतं तुला. वर ठोकाठोकी चाललीच होती, म्हटलं त्यातच उरकून घेऊ."

"कधी ठोकलात?"

"नऊ... नऊ दहाला."

एखादी बाई अशा वेळी रडली असती, एखादीने खिळा उपटला असता. बाईंनी लॅपटॉप उचलला, पिन उचलली, आणि पॅसेजमध्ये येऊन चपलांच्या कपाटावर, डब्याखालीच संसार मांडला, कारण तिथला एक प्लग चालू होता. खाली बसायला स्टूल. समोर लॅपटॉप. बाजूला तात्या, सासूबाई आणि इंजिनियर एका ओळीत, भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

अकराला दोन मिनिटं कमी असताना पडदा उजळला. तीन चौकोन, तीन चेहरे. मधल्या चौकोनात पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई, उजवीकडे जाड चष्म्याचे गृहस्थ, डावीकडे एक टकलू, ओठ घट्ट आवळलेले.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "माफ करा, घरात जरा अडचण होती, त्यामुळे मी पॅसेजमध्ये..."

"आम्हाला माहीत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही साडेदहाच्या आतच आल्या होतात. आम्ही तिघंही लवकर आलो होतो, म्हणून मी तुम्हाला आत घेतलं. चित्र काळं होतं. आवाज मात्र खणखणीत."

बाईंनी जाकिटाचा खिसा चाचपला. फोन गार पडला होता. गेल्या अर्ध्या तासात या तोंडून काय काय गेलं, ते सगळं एका झटक्यात त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकलं. गप्प. नाटकं करू नका. मेनच्या कानफटात. वर्गाबाहेर उभे राहा. संपलं. तिसऱ्यांदाही संपलं, आणि या खेपेला शेऱ्यात काय लिहितील त्याची कल्पनाच करवत नव्हती. राग इतका आला, इतका आला, की त्यांनी लपवायचं सोडून दिलं.

"ऐकलंत ना सगळं?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. ती मीच होते. आणि त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. विचारा, काय विचारायचंय ते."

अध्यक्षबाईंनी समोरचे कागद गोळा केले आणि ते बाजूला सरकवले. "आमच्या शाळेत एकोणचाळीस शिक्षक आहेत. वर्षभर मी त्यांना एका खोलीत बसवायला बघतेय. मला विचारण्यासारखं काही उरलं नाही. पहिल्या तारखेला रुजू होता येईल?"

भिंतीजवळच्या रांगेतून "हो!" असा आवाज आला. बाईंनी नुसतं पाहिलं. रांग गप्प झाली.

"येईल," बाई म्हणाल्या.

"मग झालं. तुम्हा दोघांना काही विचारायचंय?"

जाड चष्म्याच्या गृहस्थांनी मान हलवली. डावीकडचे टकलू गृहस्थ मात्र केव्हापासून खुर्चीच्या टोकावर आले होते. आता त्यांचा धीर सुटला.

"अहो, धाकट्यापर्यंत आम्ही ऐकलं आणि तुमचा फोन बंद पडला! सात-आठ मिनिटं झाली, इथे जीव नुसता टांगणीला लागलाय. या चष्मेवाल्यांचं म्हणणं 'बाकीचे', मी म्हणतो 'पाहुणे'. आधी ते सांगा बाई, चोर कोण निघाला?"

बाईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि पडद्याचं तोंड इंजिनियरकडे फिरवलं.